जेम-फाइव्ह आणि रिग्रेशन टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेम-फाइव्हवर काम करणारे एमटेक आणि पीएचडीचे विद्यार्थी, शिवाय नोकरीत पहिल्यांदाच सिम्युलेटरशी गाठ पडलेले काही जण पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. कमांड आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. नेमकी स्पेलिंग सोर्सच्या मुख्य फोल्डरमधल्या ‘टेस्टिंग’ या फाइलीत मिळतील.

१. जेम-फाइव्ह म्हणजे काय, आणि त्याला रिग्रेशन टेस्ट कशाला हवी?

जेम-फाइव्ह हा प्रोसेसर, कॅश मेमरी, मुख्य मेमरी आणि त्यांना जोडणारं जाळं यांचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारा मुक्त-स्रोत सिम्युलेटर आहे. मिशिगन विद्यापीठातला ‘एम-फाइव्ह’ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातला ‘जेम्स’ हे दोन प्रकल्प एकत्र येऊन तो तयार झाला आणि २०११ साली त्याचा पेपर आला. आर्म, एक्स-८६, रिस्क-फाइव्ह असे वेगवेगळे आदेशसंच (इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणारे आदेश) त्यात चालतात.

इतक्या हातांनी लिहिलेल्या कोडमध्ये एका कोपऱ्यातला बदल दुसऱ्या कोपऱ्यात उगवतो. कोणी मेमरी कंट्रोलरची रांग सुधारली, की सगळ्या सीपीयू मॉडेलांचे आकडे हलू शकतात. काल चालत होतं ते आज मोडलं का, हे प्रत्येक बदलागणिक तपासणं म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याज किती यायला हवं हे कागदावर काढता येतं. सिम्युलेटरमध्ये अमुक प्रोग्रॅमला नेमक्या किती सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागायला हव्यात, हे बहुतेक वेळा आधी कोणालाच माहीत नसतं. पुढचे निम्मे प्रश्न या एका अडचणीतूनच येतात.

२. सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे माझा सिम्युलेटर बरोबर आहे, असं धरू का?

नाही. रिग्रेशन टेस्ट ‘बदललं का’ एवढंच सांगते. रोज दहा मिनिटं मागे चालणारं घड्याळ आजही दहाच मिनिटं मागे असेल, तर ते रिग्रेशन टेस्ट पास होईल. आकडे खऱ्या हार्डवेअरशी जुळतात का, हे बघणं म्हणजे व्हॅलिडेशन. त्यासाठी प्रत्यक्ष बोर्ड, त्यावरचे परफॉर्मन्स काउंटर आणि त्याच्याशी मिळतंजुळतं कॉन्फिगरेशन लागतं. जेम-फाइव्हसोबत येणारी तयार कॉन्फिगरेशनं बाजारातल्या कुठल्याही चिपची हुबेहूब नक्कल नसतात. ‘टेस्ट हिरव्या आहेत’ हे वाक्य पेपरमध्ये अचूकतेचा पुरावा म्हणून आलं, तर रिव्ह्यूअर ते बाजूला काढणार आणि त्याचं बरोबरच असेल.

३. पहिल्यांदाच टेस्ट चालवतोय. सुरुवात कुठून करू?

‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये जा. तिथे ‘मेन डॉट पाय’ नावाची पायथन स्क्रिप्ट आहे. तिला ‘लिस्ट’ म्हटलं तर उपलब्ध टेस्टची यादी येते, ‘रन’ म्हटलं तर त्या चालतात आणि ‘रीरन’ म्हटलं तर मागच्या वेळी फेल झालेल्याच पुन्हा चालतात. ‘रन’पुढे एखाद्या उपफोल्डरचं नाव दिलं तर तेवढ्याच चालतात. पहिल्या दिवशी तसंच करा, कारण टेस्टला लागणारा जेम-फाइव्हचा बायनरी ही स्क्रिप्ट स्वतःच बिल्ड करायला घेते आणि सगळ्या आदेशसंचांचे बिल्ड एकदम सुरू झाले तर संध्याकाळ त्यातच जाते.

बिल्ड आधीच करून ठेवला असेल तर ‘स्किप-बिल्ड’ द्या. मात्र हा पर्याय जुनाच बायनरी निमूट वापरतो. कोड बदलून, बिल्ड न करता टेस्ट चालवून ‘पास झालं’ म्हणणारे दर सेमिस्टरला भेटतात.

या झाल्या पूर्ण सिम्युलेशन चालवणाऱ्या टेस्ट. त्याखेरीज सी-प्लस-प्लसच्या युनिट टेस्ट स्कॉन्स या बिल्डच्या साधनातून वेगळ्या बिल्ड होतात आणि पायथनच्या युनिट टेस्टही वेगळ्या चालवाव्या लागतात. एखाद्या छोट्या क्लासमध्ये बदल असेल तर आधी त्याच चालवा. पटकन उरकतात.

४. क्विक, लाँग आणि व्हेरी-लाँग यांत फरक काय? मला सगळ्या चालवाव्या लागतील का?

फरक वेळेचा. काही सांगितलं नाही तर ‘क्विक’ चालतात. बदल पाठवला की याच टेस्ट प्रकल्पाच्या सर्व्हरवरही आपोआप चालतात. ‘लाँग’ रोज एकदा आणि ‘व्हेरी-लाँग’ आठवड्यातून एकदा, दोन्ही ‘डेव्हलप’ ब्रँचवर, म्हणजे जिथे नवे बदल जमा होतात तिथे. लिनक्स पूर्ण बूट करणाऱ्या किंवा मोठे बेंचमार्क चालवणाऱ्या टेस्ट या दोन गटांत सापडतात.

त्यामुळे तुमचा बदल क्विकमधून सुटून स्वीकारला गेला, तरी आठवड्याअखेरीस तो कुणाचं लिनक्स बूट होऊ देत नाहीये असं कळू शकतं. आउट-ऑफ-ऑर्डर सीपीयू, पेज टेबल, इंटरप्ट किंवा एखाद्या डिव्हाइसला हात लावला असेल तर लाँगमधल्या संबंधित टेस्ट स्वतः चालवूनच पाठवा. पायथनमधला एखादा मेसेज सुधारला असेल तर क्विक पुरे.

५. माझ्या लॅपटॉपवर टेस्टपर्यंत जातच नाही, बिल्डच मध्ये मरतो. काय चुकतंय?

‘किल्ड’ एवढाच शब्द किंवा १३७ हा एक्झिट कोड दिसत असेल, तर रॅम संपली म्हणून लिनक्सने कंपायलर मारला आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा ‘किल’ सिग्नलचा क्रमांक. ८ जीबी रॅममध्ये आठ समांतर कामं लावली तर हे होतंच. संख्या दोनवर आणा. शेवटच्या लिंकिंगलाही बरीच रॅम लागते, तेव्हा ब्राउझर बंद करा.

६. टेस्ट फेल झाली. सगळ्यात आधी काय बघू?

सिम्युलेशनच्या एरर आउटपुटची शेवटची ओळ. ‘फेटल’ असेल तर जेम-फाइव्हच्या मते चूक वापरणाऱ्याची आहे: कॉन्फिगरेशनमधला पॅरामीटर चुकीचा, फाइल सापडत नाही, असं काहीतरी. ‘पॅनिक’ असेल तर जे कधीच घडायला नको ते सिम्युलेटरच्या आत घडलं, म्हणजे बग कोडमध्ये आहे. हा फरक कोडमध्ये बऱ्यापैकी कटाक्षाने पाळलेला असतो. पॅनिक आलं आणि तुम्ही कॉन्फिगरेशन चाचपत बसलात तर वेळ वाया जाईल.

दुसरी गोष्ट, त्या ओळीतला टिकचा आकडा. एरवी काही बदललं नसेल तर एक टिक म्हणजे एक पिकोसेकंद, म्हणजे २ गिगाहर्ट्‌झच्या सीपीयूचं एक सायकल ५०० टिकचं. पॅनिक समजा ८,१२,४०,५०० व्या टिकला आलं, तर डीबग ट्रेस (आत काय घडलं याची ओळवार नोंद) सुरुवातीपासून घेऊ नका. काही हजार सायकल आधीच्या टिकपासून ट्रेस सुरू करायचा पर्याय आहे, तो वापरा. नाहीतर ट्रेसची फाइल काही जीबींची होते आणि उघडतसुद्धा नाही. डीबगरमध्ये ठरावीक टिकला थांबायची सोयही आहे.

सिम्युलेशन नीट संपलं आणि तरी टेस्ट फेल असेल, तर अपेक्षित मजकूर आउटपुटमध्ये सापडला नाही असा अर्थ. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

७. प्रोग्रॅमचं आउटपुट तेच आहे, टेस्टही पास, पण आकडेवारीच्या फाइलीत सायकल बदलल्या. दुर्लक्ष करू का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि उत्तर आहे: अजिबात नाही.

पूर्वी जेम-फाइव्हच्या रेपॉझिटरीत प्रत्येक टेस्टसोबत आकडेवारीची संदर्भ-फाइल ठेवलेली असायची आणि नवीन आकडे तिच्याशी ताडून पाहिले जायचे. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात कॅशच्या एका बफरचं वागणं सुधारलं की ढीगभर संदर्भ-फाइली बदलायच्या, आणि ‘आकडेवारी अद्ययावत केली’ असे अवाढव्य कमिट यायचे. ते ओळ न् ओळ कोण वाचणार? चुकीचा बदलही त्याच लोंढ्यातून आत यायची सोय झाली. पुढे टेस्टची नवीन व्यवस्था आली. आता बहुतेक टेस्ट सिम्युलेशन नीट संपलं का आणि आतल्या प्रोग्रॅमने योग्य मजकूर छापला का, एवढंच बघतात. टायमिंगकडे त्यांचं लक्ष नसतं.

देखभाल करणाऱ्यांच्या बाजूने हा निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र वापरणाऱ्याने त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा: टायमिंगमधला बग अधिकृत टेस्टमधून बिनबोभाट पार होऊ शकतो. आणि तुमचा प्रबंध टायमिंगच्याच आकड्यांवर उभा आहे. म्हणून स्वतःची पायारेषा ठेवा. तुमच्याच कॉन्फिगरेशनवर पाच-सहा छोटे प्रोग्रॅम: एक नुसती गणितं करणारा, एक मेमरीत सरळ चालत जाणारा, एक पॉइंटरच्या साखळीवरून उड्या मारणारा, एक अंदाज न येणाऱ्या ब्रँचनी भरलेला. त्यांची आकडेवारी गिटमध्ये ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर ताडून पाहा.

ताडताना ‘होस्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी वगळा. त्या तुमच्या मशीनला किती सेकंद आणि किती मेमरी लागली ते सांगतात आणि दर वेळी बदलतात. बाकीच्या ओळी तंतोतंत जुळायला हव्यात. ‘एक टक्क्यापर्यंत फरक चालेल’ अशी सूट कित्येक जण ठेवतात. मला ती पटत नाही. तोच बायनरी, तेच इनपुट, तर फरक शून्य हवा. शून्य नसेल तर त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘एल-टू कॅशची लेटन्सी एक सायकलने वाढवली म्हणून’ हे कारण झालं. ‘फार नाही बदललं’ हे कारण नव्हे. फरक मुद्दाम केलेल्या बदलाचा असेल तर नवी पायारेषा त्याच कमिटमध्ये टाका, म्हणजे सहा महिन्यांनी शोधताना कारण आणि परिणाम एकत्र सापडतील.

८. मी फक्त कोडची मांडणी बदलली, लेटन्सीला हातही लावला नाही. तरी टिक हलले. असं कसं?

बहुधा एकाच टिकला घडणाऱ्या घटनांचा क्रम बदलला. जेम-फाइव्हमध्ये सगळं काही घटनांच्या रांगेतून चालतं. घटना आधी टिकनुसार आणि मग प्राधान्यानुसार लागतात. टिकही सारखा आणि प्राधान्यही सारखं असेल तर जी शेवटी रांगेत टाकली ती आधी चालते. म्हणजे एका फंक्शनमधल्या ‘शेड्यूल’च्या दोन ओळी तुम्ही ‘छान दिसावं’ म्हणून वरखाली केल्या, की दोन कोअरपैकी बसवर आधी कोण पोचणार हेच उलटतं. तिथून पुढे कॅशमधून कोणती ओळ हाकलली जाते हे बदलतं आणि फरक पसरत जातो.

यात दोन शक्यता. दोन्ही क्रम हार्डवेअरच्या दृष्टीने सारखेच वैध असतील, तर तसं कमिट मेसेजमध्ये लिहा आणि पुढे चला. एकच क्रम बरोबर असेल, तर मूळ कोड योगायोगाने चालत होता. मग प्राधान्य स्पष्ट लिहून तो क्रम पक्का करा.

९. काहीच न बदलता दोनदा चालवलं तर दोन वेगळी उत्तरं येतात. हे चालतं का?

केव्हीएम सीपीयू वापरत असाल तर चालतं. तिथे पाहुणा (सिम्युलेशनच्या आतला) प्रोग्रॅम खऱ्या प्रोसेसरवर धावतो, त्यामुळे टायमिंग दर वेळी तेच येईल ही अपेक्षाच ठेवू नका. घटनांच्या रांगा एकाहून अधिक थ्रेडवर वाटल्या असतील तरी हे होऊ शकतं. एरवी हा बग आहे आणि तो आधी मारा, कारण तोवर प्रश्न ७ मधली तुलना करताच येणार नाही.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. कन्स्ट्रक्टरमध्ये किंमत न दिलेलं मेंबर व्हेरिएबल हा पहिला. त्यासाठी व्हॅलग्राइंड किंवा कंपायलरचे सॅनिटायझर वापरा. पॉइंटर हीच किल्ली असलेला मॅप हा दुसरा, आणि जास्त कावेबाज. लिनक्स दर वेळी पत्ते वेगळे देतं, मॅपमधला क्रम पत्त्यांवर ठरतो, आणि तुम्ही त्या मॅपवरून फिरत घटना रांगेत टाकता. पत्त्यांची ही सरमिसळ ‘सेट-आर्क’ कमांडने बंद करून पाहा. उत्तर स्थिर झालं तर मॅप शोधायला लागा. तिसरा, मशीनचं खरं घड्याळ सिम्युलेशनच्या आत वाचणं. रँडम आकड्यांवर सहसा संशय नको, त्यांचं बीज ठरलेलं असतं. कोणी मध्येच सी-प्लस-प्लसचा स्वतःचा जनरेटर वापरला असेल तर गोष्ट वेगळी.

१०. कधीतरी बिघडलंय, पण कोणत्या कमिटने ते माहीत नाही. कसं शोधू?

गिट बायसेक्ट, म्हणजे चांगल्या आणि बिघडलेल्या कमिटमधलं अंतर दर वेळी अर्धं करत शोधणारी गिटची कमांड. हजारभर कमिटमधून दहाएक बिल्डमध्ये दोषी कमिट सापडतो. स्क्रिप्टने चालवायचं असेल तर दोन पथ्यं पाळा. टेस्टचा प्रोग्रॅम आणि कॉन्फिगरेशन रेपॉझिटरीच्या बाहेर ठेवा, नाहीतर प्रत्येक चेकआउटला तेही जुनं होईल आणि तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलत बसाल. आणि जो कमिट बिल्डच होत नाही त्यासाठी स्क्रिप्टने १२५ परत करावं. बायसेक्ट त्याला ‘वाईट’ न समजता वगळतं.

कमिट सापडला पण त्यातली ओळ कळत नसेल तर ‘युटिल’ फोल्डरमधलं ‘ट्रेसडिफ’ वापरा. ते दोन बायनरी एकत्र चालवून त्यांचे ट्रेस ओळीओळीने ताडतं. सुरुवातीला नुसता आदेशांचा ट्रेस घ्या. हजारो ओळी सारख्या जातात, आणि मग एका लोडपाशी इकडे ७७,५०० टिक, तिकडे ७८,०००. नेमकं एक सायकल. त्या टिकच्या आसपास कॅशचा ट्रेस जोडून पुन्हा चालवलं की बहुतेकदा कारण समोर येतं. त्यानंतरचे सगळे फरक या पहिल्या फरकाची पिलावळ असतात, त्यांच्या मागे लागू नका.

११. माझ्याकडे पास, सर्व्हरवर फेल. आता?

आधी तुमची ब्रँच ‘डेव्हलप’वर रीबेस करा. तुम्ही ‘स्टेबल’वरून काम सुरू केलं असेल तर मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलेलं असतं. तेवढ्याने मिटलं नाही तर कोणता बायनरी चालवता ते बघा. ‘फास्ट’ बिल्डमध्ये अॅसर्ट (कोडमध्ये पेरलेल्या ‘हे खरं असायलाच हवं’ अशा तपासण्या) आणि ट्रेसिंग काढून टाकलेलं असतं. तिथे पास आणि ‘ऑप्ट’मध्ये फेल याचा अर्थ अॅसर्ट ओरडत होता आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलं होतं. टेस्टसाठी ऑप्टच वापरा.

मग कंपायलर. प्रकल्प जीसीसी आणि क्लँगच्या अनेक आवृत्त्यांवर बिल्ड करून पाहतो. क्रम न राखणाऱ्या मॅपमधला क्रम आणि रँडम वाटपाची अंमलबजावणी वेगवेगळ्या लायब्ररींमध्ये वेगळी असते, आणि त्यावर विसंबलेला कोड इथे उघडा पडतो. सर्व्हरवरचं वातावरण डॉकरमध्ये मिळतं, तेच स्वतःकडे उभं करणं हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग.

उलट तक्रारही येते: सर्व्हरवर पास आणि कॉलेजच्या सामायिक मशीनवर फेल. तिथे बहुधा केव्हीएमची परवानगी नसते, किंवा टेस्टला लागणारी डिस्क इमेज उतरवताना होम फोल्डरचा कोटा भरतो. या इमेज काही जीबींच्या असतात आणि मुकाट्याने होममधल्या कॅश फोल्डरमध्ये जाऊन बसतात. जागा बदलायला एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे.

१२. रूबीमध्ये स्वतःचा कोहेरन्स प्रोटोकॉल लिहिलाय. हॅलो वर्ल्ड चालतं. पुरे का?

रूबी म्हणजे जेम-फाइव्हमधलं तपशीलवार मेमरी मॉडेल, आणि कोहेरन्स प्रोटोकॉल म्हणजे वेगवेगळ्या कोअरच्या कॅशमधल्या प्रती जुळत्या ठेवणारे नियम. हॅलो वर्ल्डमध्ये दोन कोअर एकाच ओळीसाठी भांडतच नाहीत, मग प्रोटोकॉलची परीक्षा कशी होणार? रूबीचा रँडम टेस्टर वापरा. तो मुद्दाम थोड्याच पत्त्यांवर वेगवेगळ्या कोअरकडून लिहवून घेतो आणि मग वाचून किंमत जुळते का बघतो. लोडची मूळ संख्या बरीच कमी असते. ती लाखांत न्या आणि वेगवेगळ्या बीजांवर रात्रभर चालू द्या. कॅश मुद्दाम इतकी लहान ठेवा की ओळी सतत हाकलल्या जातील, कारण हाकलतानाच्या मधल्या अवस्थांमध्येच बग दडलेले असतात.

‘पॉसिबल डेडलॉक’ असं पॅनिक आलं तर एखाद्या विनंतीला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळालं नाही. ही मुदत मूळ ५,००,००० सायकल आहे. ती वाढवून पॅनिक घालवणं हा उपाय नाही. मेमरी खरोखरच तितकी मंद आहे हे दाखवता आलं तरच वाढवा.

१३. जुना चेकपॉइंट नवीन बायनरीवर उघडत नाही. हे रिग्रेशन म्हणायचं का?

चेकपॉइंट म्हणजे सिम्युलेशनची मध्येच साठवून ठेवलेली स्थिती. ज्याने साठवायच्या माहितीत नवीन गोष्ट घातली पण जुना चेकपॉइंट नव्या रूपात आणणारी छोटी पायथन स्क्रिप्ट जोडली नाही, त्याच्या बाजूने हो. ‘युटिल’मध्ये चेकपॉइंट अपग्रेडर आहे, आधी तो चालवून बघा. मेमरीचा आकार किंवा सीपीयूंची संख्या तुम्हीच बदलली असेल तर ते रिग्रेशन नव्हे.

१४. स्वतःची टेस्ट जोडायची आहे. किती मोठी असावी?

जितकी लहान तितकी बरी. ‘टेस्ट्स’मध्ये एक उपफोल्डर, त्यात कॉन्फिगरेशन आणि टेस्ट नोंदवणारी छोटी पायथन फाइल. आदेशसंच कोणता, बायनरी कोणता, क्विक की लाँग, आणि आउटपुटमध्ये काय सापडायला हवं, हे तिथे सांगायचं. तुमच्या दुरुस्तीआधीच्या कोडवर ती फेल होते का, हे न चुकता चालवून बघा. दुरुस्तीआधीही पास होणारी टेस्ट काहीच तपासत नाही. एकेका आदेशाची तपासणी असेल तर रिस्क-फाइव्हच्या असेंब्ली टेस्ट नमुना म्हणून बघा. त्यातले प्रोग्रॅम स्वतःचं उत्तर स्वतःच तपासून एक्झिट कोड देतात.

१५. प्रबंध अर्धा झालाय आणि जेम-फाइव्हची नवीन आवृत्ती आली. बदलू का?

नव्या आवृत्तीतली एखादी गोष्ट तुमच्या कामाला हवीच असेल तर बदला, नाहीतर नको. बदलायचं ठरलं तर आधी पायारेषेचे प्रोग्रॅम (प्रश्न ७) दोन्ही आवृत्त्यांवर चालवा. आकडेवारीतल्या काही ओळींची नावंही मध्यंतरी बदलली आहेत, त्यामुळे तुमची जुळवणारी स्क्रिप्ट ‘सापडलं नाही’ याला शून्य समजत नाही ना, ते आधी पाहा. जुन्या आणि नव्या आवृत्तीचे आकडे एकाच आलेखात कधीही घालू नका. एक प्रयोग नव्यावर केला तर तुलनेचे सगळेच पुन्हा नव्यावर करा. आणि मे २०२० मध्ये आवृत्तींना क्रमांक देणं सुरू होण्याआधीचा कोड लॅबमधल्या सीनियरकडून आला असेल, तर त्याचा कमिट हॅश आजच विचारून घ्या. ते नोकरीला लागले की फोनवर ‘अरे, जुन्या पीसीत असेल बघ’ एवढंच उत्तर मिळतं.